रक्तातील अँटिऑक्सिडंट आणि तीव्र मानसिक आजार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्किझोफ्रेनिया, बायपोलर आणि तीव्र नैराश्य या आजारांच्या संदर्भात रक्तातल्या अँटिऑक्सिडंटबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बरेचसे शुभंकरांचे, म्हणजे घरात काळजी घेणाऱ्यांचे आहेत, तर काही स्वतः शुभार्थींनी, म्हणजे आजार असलेल्यांनी, विचारले आहेत. एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून कुठे कुठे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उपचारांचा निर्णय मात्र तुमच्या मनोविकारतज्ज्ञांशी बोलूनच घ्या.

१. अँटिऑक्सिडंट म्हणजे व्हिटॅमिनच्या गोळ्याच ना?

नाही. गोळ्यांच्या डबीवर ज्यांची नावं असतात ते यातले मोजकेच. पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतात, तेव्हा थोडा ऑक्सिजन अर्धवट प्रक्रिया होऊन निसटतो आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असे आक्रमक रेणू तयार होतात. त्यांना आवर घालण्याची व्यवस्था शरीरातच आहे. सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज, कॅटॅलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही एन्झाइम्स त्यातला मोठा भार उचलतात. जवळजवळ प्रत्येक पेशीत असणारं ग्लुटाथायोन त्यांच्या जोडीला असतं. आहारातून येणारी क आणि ई जीवनसत्त्वं आणि कॅरोटिनॉइड्स (भाज्या-फळांतली रंगद्रव्यं) यांचा वाटा आहेच. शिवाय ज्यांच्याकडे आपण एरवी कचरा म्हणून पाहतो ते युरिक ॲसिड आणि बिलिरुबिनसुद्धा रक्तात अँटिऑक्सिडंटचंच काम करतात. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिनही त्याच यादीत येतं.

हे आक्रमक रेणू निव्वळ खलनायक आहेत असंही नाही. पांढऱ्या पेशी जंतूंना मारायला तेच वापरतात आणि पेशी एकमेकींना निरोप द्यायलाही. त्यामुळे ते पूर्णपणे नाहीसे करणं हे उद्दिष्टच असू शकत नाही.

२. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे मानसिक ताण का?

इथे 'स्ट्रेस' हा शब्द घोळ करतो. आक्रमक रेणू जास्त आणि त्यांना आवरणारी यंत्रणा अपुरी, अशा रासायनिक असमतोलाला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. परीक्षेचा किंवा नोकरीचा ताण ही वेगळी गोष्ट. दीर्घकाळच्या मानसिक ताणाचा या असमतोलावर परिणाम होऊ शकतो, पण 'स्ट्रेस वाढलाय' असा रिपोर्ट आला म्हणजे माणूस मनातून तणावाखाली आहे, असा अर्थ काढू नका.

३. मेंदूच्या आजारात याला एवढं महत्त्व का देतात?

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळीही तो शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के वापरतो. त्यात सहज ऑक्सिडाइझ होणारी, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होऊन बिघडणारी, स्निग्धाम्लं भरपूर, लोहही बऱ्यापैकी, आणि कॅटॅलेज मात्र यकृताच्या तुलनेत फार कमी. डोपामिनचं विघटन होतानाही हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर पडतं, आणि स्किझोफ्रेनियाच्या चर्चेत डोपामिन तर केंद्रस्थानी आहे. मेंदूत लय राखणाऱ्या काही वेगवान चेतापेशींना सतत खूप ऊर्जा लागते, त्यामुळे ग्लुटाथायोन कमी पडलं की पहिला फटका त्यांना बसतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून शंका घ्यायला जागा आहे. शंकेपासून पुराव्यापर्यंतचं अंतर किती, हे पुढच्या उत्तरांत येईल.

४. आजार असलेल्यांच्या रक्तात अँटिऑक्सिडंट खरंच कमी असतात का?

गटाची सरासरी काढली तर बऱ्याचदा हो. पण कोणता घटक, आजाराच्या कोणत्या टप्प्यावर, याने उत्तर बदलतं.

स्किझोफ्रेनियात चित्र त्यातल्या त्यात स्पष्ट आहे. २०१३ मध्ये ४४ अभ्यास एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात पहिल्यांदाच आजारी पडलेल्यांमध्ये रक्ताची एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता निरोगी लोकांपेक्षा कमी आढळली, आणि आजार उसळलेल्यांवर उपचार झाल्यावर ती वर आली. तांबड्या पेशींतलं सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज मात्र आजार आटोक्यात असलेल्यांतही कमीच दिसलं. म्हणजे काही आकडे आजाराच्या चढउताराबरोबर हलतात, तर काही आजार शांत असतानाही तसेच राहतात. याच एन्झाइमबद्दल उलटे निष्कर्ष देणारे सुटे अभ्यासही आहेत, हे लक्षात असू द्या.

बायपोलरमध्ये सगळ्यात ठळक दिसतात त्या नुकसानीच्या खुणा : स्निग्ध पदार्थ ऑक्सिडाइझ झाल्याच्या, डीएनए-आरएनएला इजा झाल्याच्या. अँटिऑक्सिडंट एन्झाइम्सचे आकडे मात्र एका अभ्यासात वर, तर दुसऱ्यात खाली. तीव्र नैराश्यातही नुकसानीची खूण असलेलं मॅलॉनडायअल्डिहाइड वाढलेलं आणि युरिक ॲसिड, झिंक असे घटक कमी आढळतात. उपचारांनंतर हे आकडे सुधारतात.

५. मग अँटिऑक्सिडंट कमी झाल्यामुळेच आजार होतो, असं म्हणायला काय हरकत?

हरकत अशी की उलटंही तितकंच शक्य आहे. आजाराच्या काळात माणूस नीट जेवत नाही, झोपत नाही, घराबाहेर पडत नाही. सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण या आजारांत जास्त असतं (प्रश्न ११). वजन आणि साखर वाढलेली असते. साधा संसर्ग झाला तरी शरीरात दाह होऊन क जीवनसत्त्व, कॅरोटिनॉइड्स आणि अल्ब्युमिन यांची रक्तातली पातळी खाली येते. यातली प्रत्येक गोष्ट एकटीच रिपोर्ट बिघडवायला पुरेशी आहे. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. आजार नुकताच सुरू झालेल्या, एकही औषध न घेतलेल्या लोकांतही फरक सापडतो, आणि ग्लुटाथायोन तयार करणाऱ्या एन्झाइमच्या जनुकातल्या काही बदलांचा स्किझोफ्रेनियाशी संबंध आढळला आहे. म्हणून सगळा दोष जेवणावर आणि सिगारेटवर ढकलूनही भागत नाही. आज प्रामाणिकपणे एवढंच म्हणता येतं की काही लोकांत हा असमतोल आजाराच्या वाटचालीत भर घालत असावा.

या कल्पनेला इतिहास आहे, आणि तो जपून पाऊल टाकायला शिकवतो. १९५० च्या दशकात कॅनडात हंफ्री ऑस्मंड आणि एब्रम हॉफर यांनी मांडलं की ॲड्रिनॅलिन ऑक्सिडाइझ होऊन बनणाऱ्या ॲड्रिनोक्रोममुळे स्किझोफ्रेनिया होत असावा. त्यावर त्यांनी नायसिन (बी ३ जीवनसत्त्व) प्रचंड मात्रेत द्यायला सुरुवात केली. १९६८ मध्ये लायनस पॉलिंग यांनी 'ऑर्थोमॉलिक्युलर' मनोविकारशास्त्राची मांडणी केली. दोन नोबेल मिळवलेल्या माणसाचं नाव मागे आल्यावर कल्पनेला केवढं बळ आलं असेल! पण १९७३ मध्ये अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या अभ्यासगटाने पुरावे तपासले आणि जीवनसत्त्वांच्या महामात्रेचे दावे टिकत नाहीत असा निर्वाळा दिला.

६. रक्ताच्या या तपासणीवरून आजाराचं निदान होऊ शकतं का?

नाही. दोन गटांच्या सरासरीत फरक असणं आणि समोरच्या एका माणसाबद्दल निर्णय देता येणं यांत फार अंतर आहे. आजारी आणि निरोगी लोकांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की अनेक आजारी लोकांचा रिपोर्ट पूर्ण नॉर्मल येतो आणि अनेक धडधाकट लोकांचा कमी. निदान लक्षणं, त्यांचा कालावधी, कुटुंबाचा इतिहास आणि प्रत्यक्ष तपासणी यांवरूनच होतं. 'एका थेंबात मानसिक आजार ओळखा' अशी जाहिरात दिसली तर तिकडे दुर्लक्ष करा. मनोविकारतज्ज्ञ रक्त तपासायला सांगतात ते थायरॉइड, बी १२, साखर, यकृत, मूत्रपिंड अशा गोष्टी पाहायला. त्या तपासण्या टाळू नका.

७. रक्तातल्या पातळीवरून मेंदूतली पातळी कळते का?

फार थोडी. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक निवडक अडसर आहे. क जीवनसत्त्वाला त्यातून नेणारी खास वाहतूक व्यवस्था आहे, त्यामुळे मेंदूत त्याची पातळी रक्ताच्या कितीतरी पट असते, आणि शरीरात तुटवडा पडला तरी मेंदू आपला साठा शेवटपर्यंत धरून ठेवतो. ग्लुटाथायोन तर बव्हंशी जिथल्या तिथे तयार होतं आणि तिथेच वापरलं जातं.

२००० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी एका छोट्या गटात पाठीच्या कण्यातून काढलेला द्रव तपासला आणि खास प्रकारच्या एमआरआयने मेंदूच्या पुढच्या भागातलं ग्लुटाथायोन मोजलं. स्किझोफ्रेनिया असलेल्यांमध्ये ते द्रवात २७ टक्के आणि मेंदूत ५२ टक्के कमी भरलं. या आकड्यांचा खूप गाजावाजा झाला. पुढच्या मोठ्या अभ्यासांत फरक बराच लहान निघाला, काहींत तर दिसलाच नाही. पहिल्या छोट्या अभ्यासातला मोठा आकडा पुढे आक्रसत जाणं हे या क्षेत्रात नेहमीचंच आहे.

८. लॅबने 'टोटल अँटिऑक्सिडंट' तपासणी केली. आकडा चांगला आहे, म्हणजे निर्धास्त राहू ना?

या आकड्यावर निर्धास्तही राहू नका आणि घाबरूही नका. ही तपासणी रक्तद्रवात किती 'ऑक्सिडीकरण-रोधक' शक्ती आहे ते एकगठ्ठा मोजते. त्या गठ्ठ्यात सगळ्यात मोठा वाटा बहुधा युरिक ॲसिडचा असतो. म्हणून मूत्रपिंड नीट काम करत नसलेल्या माणसाचा आकडा उत्तम येऊ शकतो, कारण युरिक ॲसिड बाहेर पडत नाही! कावीळ झालेल्याचा बिलिरुबिनमुळे वाढू शकतो. सफरचंदं खाल्ल्यावर रक्ताची ही क्षमता वाढते. पण ती फळातल्या अँटिऑक्सिडंटमुळे नसून, फळातल्या फ्रुक्टोज या साखरेमुळे वाढलेल्या युरिक ॲसिडमुळे बरीचशी वाढते, असं एका प्रयोगात दिसलं होतं.

पद्धतींचाही गोंधळ आहे. या तपासणीच्या अनेक रीती आहेत आणि प्रत्येकीचं एकक आणि आकडा वेगळा. फ्रॅप नावाच्या पद्धतीत तर ग्लुटाथायोनसारखे गंधकयुक्त रेणू जवळजवळ मोजलेच जात नाहीत. खाद्यपदार्थांचे असेच आकडे देणारी ओरॅक ही यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये मागे घेतली, कारण जाहिरातींत तिचा गैरवापर होत होता आणि त्या आकड्यांवरून शरीरात काय होतं ते सांगता येत नव्हतं.

९. माझ्या भावाचे दोन लॅबमधले आकडे अजिबात जुळत नाहीत. कोणती लॅब चुकली?

कदाचित कोणतीच नाही. पद्धत वेगळी असेल तर आकडे जुळणारच नाहीत (प्रश्न ८). त्यापलीकडे नमुना कसा हाताळला याला या तपासण्यांत कमालीचं महत्त्व आहे. क जीवनसत्त्व नळीतच नष्ट व्हायला लागतं, म्हणून नमुना बर्फात, अंधारात ठेवून लवकर वेगळा करून आम्ल घालून स्थिर करावा लागतो. ग्लुटाथायोनही असंच उतावीळ. एकूण साठ्यापैकी बहुतेक तांबड्या पेशींच्या आत असल्यामुळे रक्त काढताना थोड्या पेशी फुटल्या तरी बाहेरच्या द्रवातला आकडा फसवतो. एन्झाइम्सचंही तेच. नमुना तांबूस दिसत असेल तर जबाबदार लॅब तसा शेरा मारते. तो शेरा रिपोर्टवर शोधा.

उपाशीपोटी दिलं की जेवून, आदल्या दिवशी जोरदार व्यायाम झाला का, सर्दी-ताप होता का, गोळ्या चालू होत्या का, हेही जुळलं पाहिजे. तुलना करायचीच असेल तर तीच लॅब, तीच वेळ, तीच तयारी.

१०. औषधांमुळे अँटिऑक्सिडंट कमी होतात असं वाचलं. औषध बंद करावं का?

नको. या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच.

ही भीती येते कुठून? हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी उंदरांच्या मेंदूत ऑक्सिडेटिव्ह नुकसान वाढल्याचे प्रयोग आहेत. पण औषध कधीच न घेतलेल्या रुग्णांतही फरक सापडतो, आणि तीव्र झटक्यात उपचार मिळाल्यावर एकूण क्षमता सुधारते (प्रश्न ४). बायपोलरवर दिलं जाणारं लिथियम तर प्रयोगशाळेत पेशींचं ऑक्सिडेटिव्ह इजेपासून रक्षण करताना दिसलं आहे. काही औषधांनी वजन आणि चरबी वाढते आणि त्या वाटेने असमतोल वाढू शकतो, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे वजन, साखर आणि रक्तातली चरबी नियमित तपासणं, गरज पडल्यास डॉक्टरांशी बोलून औषध बदलणं. आपणहून गोळी थांबवली तर आजार उलटण्याचा धोका खरा आणि मोठा आहे. रिपोर्टमधल्या एका आकड्यासाठी तो पत्करू नका.

११. सिगारेटचा परिणाम किती?

मोठा. सिगारेटच्या प्रत्येक झुरक्यातून असंख्य मुक्त मूलकं (प्रश्न १ मधल्यासारखे आक्रमक रेणू) शरीरात जातात. सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात क जीवनसत्त्व कमी असतं. इतकं की अमेरिकेच्या शिफारशींत त्यांची रोजची गरज ३५ मिलिग्रॅमने जास्त धरली आहे. अभ्यास वाचताना म्हणूनच पहिलं हे पाहावं की सिगारेटचा हिशेब धरला आहे का. नसेल तर तो अभ्यास आजार मोजतोय की धूर, हे कळायला मार्ग नाही.

इथे एक सावधगिरी. सिगारेटच्या धुरामुळे यकृतातलं एक एन्झाइम जास्त वेगाने काम करतं आणि क्लोझापिन, ओलान्झापिन ही स्किझोफ्रेनियावरची औषधं लवकर शरीराबाहेर जातात. सिगारेट अचानक सोडली की क्लोझापिनची रक्तातली पातळी चढते, अतिगुंगी येऊ शकते, फिट्सही येऊ शकतात. सोडा जरूर, पण मनोविकारतज्ज्ञांना आधी सांगून, म्हणजे डोस जुळवता येईल. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. त्यामुळे निकोटिनच्या पॅचवर गेलात तरी पातळी चढतेच.

१२. माझं ई जीवनसत्त्व नॉर्मल आलं, पण ट्रायग्लिसराइड खूप जास्त आहेत. याचा काही संबंध?

आहे, आणि तो बऱ्याचदा नजरेतून सुटतो. ई जीवनसत्त्व रक्तात चरबीच्या कणांवर बसून फिरतं. कण जास्त, तर आकडा जास्त. त्यामुळे चरबी वाढलेल्या माणसात पेशींपर्यंत पुरेसं पोचत नसतानाही रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो, आणि चरबी फार कमी असेल तर उलट. मनोविकारावरच्या काही औषधांनी ट्रायग्लिसराइड वाढतात, म्हणून या गटात ही चूक जास्त संभवते. आकडा कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइडच्या प्रमाणात मांडला तरच त्याला अर्थ येतो. तसं करून द्यायला सांगा.

१३. युरिक ॲसिड अँटिऑक्सिडंट आहे, तर ते जास्त असलेलं बरंच नाही का?

'जास्त म्हणजे चांगलं' हे गणित इथे कोसळतं. युरिक ॲसिड वाढलं की गाउट (सांधे सुजून दुखण्याचा आजार) होऊ शकतो, मुतखडा होऊ शकतो. आणि बायपोलरच्या उन्मादाच्या अवस्थेत ते वाढलेलं आढळतं. ही गोष्ट मला नेहमी मौजेची वाटते, कारण उन्मादावरचं औषध म्हणून लिथियमचा शोधच युरिक ॲसिडच्या मागे लागून झाला. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातले मनोविकारतज्ज्ञ जॉन केड गिनिपिगांना युरिक ॲसिड टोचू पाहत होते. ते नीट विरघळत नव्हतं म्हणून त्यांनी त्याचा लिथियमचा क्षार वापरला आणि प्राणी शांत झाले. मग त्यांनी लिथियम माणसांना देऊन पाहिलं.

अलीकडे युरिक ॲसिड उतरवणारं ॲलोप्युरिनॉल उन्मादात जोडऔषध म्हणून तपासलं गेलं. सुरुवातीचे निकाल आशादायक होते, पण २०१४ च्या १८० रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला नाही. म्हणून केवळ मनःस्थितीसाठी ते सुरू करू नका. गाउटसाठी चालू असेल तर तो वेगळा विषय.

१४. एन-ॲसिटिल सिस्टीनबद्दल खूप ऐकलं. ते घ्यावं का?

हा या सगळ्यांतला सर्वांत गंभीरपणे घ्यावा असा उमेदवार, म्हणून थोडं सविस्तर. हे औषध (थोडक्यात एनएसी) पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर उतारा म्हणून रुग्णालयांत वापरलं जातं. ते शरीराला सिस्टीन पुरवतं आणि त्यातून ग्लुटाथायोन बनतं. ग्लुटाथायोनची गोळी थेट घेतली तर ती बरीचशी आतड्यात मोडली जाते, म्हणून हा वळसा.

२००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी स्किझोफ्रेनियाच्या १४० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला रोज २ ग्रॅम एनएसी २४ आठवडे दिलं. निरुत्साह, अलिप्तपणा अशा लक्षणांत मध्यम सुधारणा दिसली. बायपोलरच्या ७५ रुग्णांच्या चाचणीतही नैराश्याची लक्षणं कमी झाली. त्यानंतर मात्र २०१९ मध्ये बायपोलर नैराश्यावरच्या १६ आठवड्यांच्या चाचणीत फायदा दिसला नाही, आणि क्लोझापिनलाही दाद न देणाऱ्या रुग्णांना वर्षभर देऊनही नाही.

२०१८ ची एक चाचणी मला सर्वांत बोलकी वाटते. आजार नुकता सुरू झालेल्या ६३ जणांपैकी सुमारे निम्म्यांना सहा महिने एनएसी दिलं. मेंदूतलं ग्लुटाथायोन वाढलं, विचारांचा वेग थोडा सुधारला, पण मुख्य लक्षणांत फरक नाही. मात्र ज्यांच्या रक्तपेशींत ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजचं काम सुरुवातीलाच जास्त होतं, त्यांच्यात भास-भ्रमासारखी लक्षणं कमी झाली. रक्ताची तपासणी एक दिवस 'कोणाला हे औषध लागू पडेल' हे सांगू शकेल, असं वाटायला लावणारा हा धागा आहे. तो दुसऱ्या अभ्यासांत पक्का व्हायला हवा.

मळमळ होते, अंड्यासारखा वास येतो. दमा असेल तर जपून. हृदयासाठी नायट्रोग्लिसरीन चालू असेल तर रक्तदाब घसरू शकतो आणि डोकं दुखू शकतं.

१५. क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्यायला काय हरकत? फायदा नाही तर नुकसानही नाही.

नुकसान होऊ शकतं. नॉर्वेत स्किझोफ्रेनियाच्या तीव्र अवस्थेत झालेल्या चाचणीत, ज्यांच्या रक्तात काही आवश्यक स्निग्धाम्लं कमी होती त्यांना ई आणि क एकत्र दिल्यावर मनोविकाराची लक्षणं वाढली. ओमेगा-३ एकटं दिल्यावरही तसंच झालं. गंमत म्हणजे दोन्ही सोबत दिल्यावर हा त्रास झाला नाही.

बाकी धोके मानसिक आजाराशी थेट संबंधित नाहीत, पण तुम्हालाही लागू आहेत. फिनलंडमधल्या २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या अभ्यासात, बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त झाला, हे १९९४ मध्ये कळलं. सिगारेट ओढणाऱ्याने बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेऊच नयेत. रोज ४०० युनिट ई घेणाऱ्या निरोगी पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन चालू असेल तर जास्त ईमुळे रक्तस्राव होऊ शकतो. क जास्त मात्रेत घेतलं तर मुतखडा, आणि जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असेल तर तांबड्या पेशी फुटण्याचा धोका. काही ग्लुकोमीटरही रक्तात क फार वाढलं की साखरेचा आकडा चुकीचा दाखवतात.

शिवाय क जीवनसत्त्व रोज २०० ते ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोचलं की रक्तातली पातळी जवळजवळ भरते. पुढचं बहुतेक लघवीवाटे जातं.

१६. आईला औषधांमुळे तोंडाच्या आपोआप हालचाली होतात. ई जीवनसत्त्वाने थांबतील का?

याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांनी आशा लावली होती. १९९९ मध्ये १५८ रुग्णांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली : रोज १६०० युनिट, दोन वर्षांपर्यंत. उपयोग झाला नाही. हालचाली आणखी बिघडू नयेत यासाठी थोडी मदत होत असेल, एवढाच क्षीण पुरावा उरतो. आईंच्या डॉक्टरांना या हालचाली लवकर दाखवा. डोस किंवा औषध बदलणं, आणि आता याच त्रासासाठी मिळणारी व्हॅल्बेनाझिन, ड्युटेट्राबेनाझिन यांसारखी औषधं, हे पर्याय आहेत.

१७. लिथियम चालू आहे. पाण्यात फसफसणारी क जीवनसत्त्वाची गोळी चालेल का?

विचारल्याशिवाय नको. फसफसणाऱ्या गोळ्यांत, मग त्या क च्या असोत की एनएसीच्या, सोडियम भरपूर असतं. सोडियम वाढलं की मूत्रपिंड लिथियम जास्त बाहेर टाकतं आणि पातळी घसरते. मग अचानक गोळ्या थांबवल्या की ती चढते. हेलकावे लिथियमला मानवत नाहीत. साधी, गिळायची गोळी हा सोपा मार्ग.

१८. गोळ्या नकोत तर आहारातून काय करावं?

ताजी फळं, रंगीत भाज्या, कडधान्यं, तेलबिया, कमी तळण. यात गूढ काही नाही. आहारातून येणारे अँटिऑक्सिडंट इतर शेकडो घटकांबरोबर आणि बेताच्या मात्रेत येतात, म्हणून प्रश्न १५ मधले धोके इथे नाहीत. खरी अडचण माहितीची नसते. आजाराच्या काळात स्वयंपाक करायची, चावायचीही इच्छा नसते. अशा वेळी चिरून समोर ठेवलेलं एक फळ आहाराच्या तक्त्यापेक्षा उपयोगी.

१९. मग या तपासण्या कधीच करायच्या नाहीत का?

काही वेळा करायच्या, पण विशिष्ट प्रश्न मनात ठेवून. महिनोन्महिने दोन-तीनच पदार्थ खाणारा, फळं-भाज्या पूर्ण सोडलेला माणूस. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, पाय दुखणं, कमालीची मरगळ : हा स्कर्व्ही असू शकतो, आणि त्यातली मरगळ व चिडचिड सहज नैराश्याच्या खात्यावर टाकली जाते. इथे क जीवनसत्त्व मोजायला हवं, आणि थोड्या मात्रेने माणूस काही दिवसांत सावरतो. दीर्घकाळ दारू, किंवा अन्न नीट न शोषलं जाणं, याही जागा.

दुसरा अपवाद दुर्मीळ पण चुकवू नये असा. तरुण वयात स्वभाव बदलणं किंवा भास होणं, आणि सोबत हात थरथरणं, बोलणं अडखळणं किंवा यकृताचा त्रास. अशा वेळी सेरुलोप्लाझ्मिन तपासतात. तेही रक्तातलं एक अँटिऑक्सिडंट प्रथिन, पण ते कमी आल्यावर 'अँटिऑक्सिडंट वाढवा' असा उपाय नसतो. तो विल्सन्स डिसीजचा, म्हणजे शरीरात तांबं साठण्याच्या आजाराचा इशारा असू शकतो, आणि त्यावर नेमके उपचार आहेत. गरोदरपणात किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी हे प्रथिन वाढतं, त्यामुळे अशा स्त्रीचा नॉर्मल आकडाही संशयाने पाहावा लागतो.

२०. मुलीला एका संशोधनासाठी रक्त देण्याबद्दल विचारलं आहे. तिचा रिपोर्ट आम्हाला मिळेल का?

सही करण्याआधीच विचारा. अनेक संशोधनांत वैयक्तिक आकडे देत नाहीत, कारण प्रश्न ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे एकट्या माणसासाठी त्यांचा अर्थ लावता येत नाही. तीन गोष्टी संमतिपत्रात शोधा : चालू औषध थांबवायला सांगणार आहेत का, रक्त साठवून पुढे दुसऱ्या कामासाठी वापरणार का, आणि मध्येच बाहेर पडता येतं का. तपासणीत तातडीचं काही सापडलं, उदाहरणार्थ यकृताचा गंभीर बिघाड, तर कोण आणि कसं कळवणार हेही लिहून घ्या. मुलगी सज्ञान असेल आणि समजून निर्णय घेऊ शकत असेल, तर सही तिची. तुम्ही शेजारी बसून प्रश्न विचारायला मदत करा.